वाटेवर अडलेले जनावर
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



बांधावर पाय ताणून पडलेली गाय, बाभळीच्या बुंध्याभोवती दावे गुंडाळले जाऊन मान आवळलेला गोऱ्हा, उसाच्या गाडीच्या जुवाखाली डांबरी सडकेवर घसरलेला बैल, ही दृश्ये ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाच नवीन नाहीत. ती नवीन नाहीत, हेच या विषयाचे दुखणे होय. दहा माणसे त्या वाटेने जातात, दहाही जणांना हळहळ वाटते आणि दहाही जण असे गृहीत धरून चालतात की, मालकाला ठाऊक असेल, डॉक्टरांना कोणी तरी कळविले असेल. मालक बहुधा त्या वेळी दुसऱ्या शिवारात असतो, नाही तर बाजाराला गेलेला असतो. कळविलेले कोणीच नसते. पोट फुगलेल्या गाईजवळ मात्र कधी कधी तासा-दोन तासांचाच अवधी असतो आणि तो या गृहीतकातच निघून जातो.

गाय दगावली म्हणजे एका कुटुंबाचा रोजचा दुधाचा पैसा थांबतो. पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर जोडी मोडते आणि उरलेला बैल असूनही नांगर बांधावर पडून राहतो. रस्त्यावरच्या जनावराला मदत करणे हा दयेचा विषय आहेच. पण तो त्या शेतकऱ्याच्या संसाराचाही विषय आहे.

संत एकनाथांची कथा आपल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. या कथेचे तात्पर्य भूतदया असे सांगतात आणि ते योग्यच आहे. तथापि तिला एक व्यावहारिक बाजूही आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या प्राण्याला पाणी हवे होते आणि नाथांनी पाणी दिले. गरज नेमकी ओळखली, जवळ होते ते तत्काळ दिले. आज वाटेवरच्या जनावराबाबत जे अनर्थ घडतात, त्यांतले निम्मेअधिक काहीच न केल्याने होत असतील. उरलेले भलतेच काही केल्याने होतात.

यास्तव प्रथम थांबावे आणि पाहावे. पाच-सहा हातांवरून, समोरून किंचित बाजूने, जनावराला आपण दिसू अशा रीतीने. वेदनेत असलेले शांत जनावरही लाथ मारते, शिंग उगारते. नुकतीच व्यालेली गाय किंवा म्हैस परक्याला वासराजवळ येऊ देत नाही. गर्दी हटवावी, कुत्री हाकलावीत, हॉर्न वाजविणाऱ्यांना थांबवावे. मग पाहावे : जनावर उभे आहे की पडलेले? पडले असेल तर उरावर बसले आहे की कुशीवर आडवे झाले आहे? श्वास कसा चालला आहे? निरोगी मोठे जनावर विसाव्यात मिनिटाला साधारण दहा ते तीस वेळा श्वास घेते. जीभ बाहेर काढून भात्यासारखा श्वास चालला असेल तर ते संकटात आहे. रवंथ बंद आहे का, तोंडातून फेस किंवा लाळ येते का, डावी कूस फुगली आहे का, मागच्या अंगातून काही लोंबत आहे का, आसपास काय आहे? लसूणघासाचा वाफा, कोवळी ज्वारी, खताच्या पाण्याचे पिंप, तुटलेली तार? हे पाहायला दोन मिनिटे पुरतात आणि तेवढ्यावर पशुवैद्यकाचे अर्धे काम होते.

कारण “गाय पडली आहे, लवकर या” एवढ्या निरोपावर डॉक्टरांना काहीच उमगत नाही. निरोप असा असावा : “मोठी गाय आहे, उभी आहे, डावी कूस ढोलासारखी फुगली आहे, तोंडाला फेस आहे, शेजारी लसूणघास आहे, जागा अमुक ओढ्याच्या पुलाजवळ.” अशा निरोपावर कोणती औषधे बरोबर घ्यायची हे त्यांना दवाखान्यातच ठरविता येते आणि वाटेत असतानाच काय करावे हेही ते सांगू शकतात. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असल्यास त्यावरील १२ अंकी क्रमांक वाचून सांगावा. शासकीय नोंदीवरून मालकाचा शोध लागण्यास तो उपयोगी पडतो. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तडफडणाऱ्या जनावराचे चित्रण करण्यास तो हात चटकन वर जातो. तेच चित्र डॉक्टरांकडे पाठविले तर मात्र त्या चित्रणाला अर्थ येतो. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. जवळच्या दवाखान्यातील पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक यांचे क्रमांक मात्र गावागावांनी स्वतः नोंदवून ठेवले पाहिजेत.

आता सर्वांत घातक अशा एका रूढ उपचाराविषयी. जनावर पडले की बाटली किंवा बांबूचे नळकांडे आणायचे, दोघांनी मान वर ओढायची, जीभ बाहेर खेचायची आणि तेल, ताक, गूळपाणी, जे सुचेल ते घशात ओतायचे, ही पद्धत खेडोपाडी चालत आली आहे. हेतू चांगला असतो. परंतु मान उंच ताणलेली आणि जीभ धरलेली असताना जनावराला नीट गिळता येत नाही. ओतलेले द्रव श्वासनलिकेत उतरते, फुफ्फुसात जाते आणि मूळ आजारातून वाचलेले जनावर दोन-चार दिवसांनी फुफ्फुसदाहाने मरते. मृत्यूचे खापर मूळ आजारावर फुटते आणि नळकांडे पुढच्या जनावरासाठी वळचणीला खोचून ठेवले जाते. पडलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या किंवा ठसका लागलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये, हा एक नियम जरी गावाने पाळला तरी अनेक जनावरे वाचतील.

पोटफुगीचे उदाहरण घेऊ. दव पडलेला कोवळा लसूणघास, बरसीम किंवा द्विदल चारा जनावराने अधाशासारखा खाल्ला, किंवा धान्याच्या राशीला ते लागले, की पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वायू किंवा फेस साठतो. एरव्ही ढेकरेवाटे जाणारा वायू अडतो, डाव्या कुशीचा खळगा भरून वर येतो, छातीवर दाब पडतो आणि जनावर गुदमरते. अशा वेळी जनावराला आडवे होऊ देऊ नये. शक्य तर चढावर, पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे. तोंडात लगामासारखी आडवी गुळगुळीत काठी देऊन ती शिंगांमागे दोरीने बांधली, म्हणजे जनावर ती चघळत राहते, लाळ सुटते आणि वायूला वाट मिळण्यास मदत होते. जनावर शुद्धीवर व उभे असेल, गिळू शकत असेल आणि डॉक्टरांनी दूरध्वनीवरून तसे सांगितले असेल, तरच पाव ते अर्धा लिटर गोडेतेल, तोंड जमिनीला समांतर ठेवून, थोडे थोडे, जीभ न ओढता द्यावे. कुशीत सुरी किंवा सळई खुपसण्याचे धाडस काही ठिकाणी केले जाते. पशुवैद्यक तेथे छिद्र पाडतात ते ठरावीक जागी, ठरावीक साधनाने आणि पोटात घाण पसरणार नाही याची काळजी घेऊन. त्यांचे पाहून ते करू नये.

नुकतीच व्यालेली, भरपूर दूध देणारी गाय कान थंडगार पडून, मान कुशीकडे वळवून बसलेली दिसली, तर तो बहुधा दुग्धज्वर असतो. नाव ज्वर असले तरी अंग थंड असते. रक्तातील कॅल्शियम घटल्याने स्नायूंतील बळ गेलेले असते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर अशी गाय पुष्कळदा थोड्याच वेळात उठून उभी राहते. ते येईपर्यंत तिला कुशीवर आडवी पडू न देता दोन्ही बाजूंनी पेंढ्याची पोती लावून उरावर बसती ठेवणे, एवढेच करायचे असते. कुठल्याही कारणाने बसकण मारलेल्या मोठ्या जनावराला दर दोन-तीन तासांनी कूस पालटून द्यावी. नाही तर स्वतःच्याच वजनाखाली मांड्यांचे स्नायू चेंगरतात आणि मूळ दुखणे बरे झाले तरी ते उठत नाही. शेपूट पिरगाळून किंवा पराणी टोचून उठविण्याने मदत होत नाही, यातना तेवढ्या वाढतात.

गाय अडली असेल तर वासराचे पाय धरून चार-चार माणसांनी ओढणे टाळावे. अंग बाहेर आले असेल तर ते स्वच्छ गार पाण्याने धुऊन ओल्या स्वच्छ कापडात झाकावे, मागची बाजू उंच राहील असे पाहावे आणि कावळ्या-कुत्र्यांपासून राखण करावी. आत ढकलण्याचे काम डॉक्टरांचे. कोवळ्या ज्वारीची विषबाधा मात्र मिनिटांचा खेळ असते. पाण्याचा ताण पडलेल्या किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य वाढलेले असते. त्यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून द्यावी लागतात. घरगुती उपाय नाही. तेव्हा ते जनावर त्या शेतातून बाहेर काढून धावत निरोप देणे हीच मदत. ठिबकसाठी युरिया विरघळवून ठेवलेले पिंप उघडे राहिले आणि तहानलेल्या जनावराने त्यात तोंड घातले, तरी तितक्याच घाईने कळवावे लागते.

विहिरीत पडलेल्या जनावराची गोष्ट अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तेथे जनावराबरोबर माणसेही प्राण गमावतात. बिनकठड्याच्या विहिरी आपल्याकडे शिवारोशिवारी आहेत. बैल पडला की पोहता येणारा कोणी तरुण आधी उडी घेतो. वापरात नसलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू नसलेली कोंदट हवा असू शकते. तेथे उतरणारा माणूस ओरडण्याआधीच कोसळतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. विझला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर तो धरणारी माणसे हवीतच. विहिरीत डिझेलचे इंजिन चालवून पाणी उपसू नये. त्याचा धूर आतच साठतो. अग्निशमन दलाला आणि ११२ या क्रमांकावर कळवावे ते हे सर्व सुरू करण्यापूर्वी, दोन प्रयत्न फसल्यानंतर नव्हे.

जनावर पोहत असेल तर पहिले काम ते बाहेर काढण्याचे नसून त्याचे नाक पाण्यावर ठेवण्याचे असते. शिंगांना दोर टाकून तो काठावर धरून ठेवावा, म्हणजे ते दमले तरी बुडत नाही. हा दोर आधारासाठी आहे, उचलण्यासाठी नाही. शिंगाला किंवा मानेला ओढून वर काढलेला बैल पुष्कळदा मेलेलाच वर येतो. उचलण्यासाठी दोन रुंद पट्टे लागतात, नवारीचे, कॅनव्हासचे किंवा अग्निशमन दलाच्या जुन्या नळीचे : एक पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीखालून, दुसरा मागच्या पायांपुढे, गाईच्या बाबतीत कासेला न लागेल असा. दोन्ही पट्ट्यांची टोके पाठीवर एकत्र आणून क्रेनच्या किंवा जेसीबीच्या आकड्याला अडकवावीत, म्होरकीला वेगळा हलका दोर लावून डोके सावरावे आणि सावकाश उचलावे. एकाने आज्ञा द्यावी, बाकीच्यांनी ऐकावी. आपल्याकडे अशा वेळी सगळेच आज्ञा देतात. वर आल्यावर जनावर गोणपाटाने खसखसून पुसावे, पाठीवर कोरडे पोते टाकावे आणि डॉक्टरांनी तपासल्याखेरीज काही पाजू नये.

मदत करणाऱ्याने स्वतःला जपले पाहिजे, हे आणखी तीन ठिकाणी विशेष खरे आहे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर तारेजवळ कोसळलेल्या जनावराकडे धावत जाऊ नये. पुढच्या व मागच्या पायांतील अंतरामुळे गुराढोरांना जमिनीतून पसरलेला विद्युतप्रवाह माणसाआधी मारतो, परंतु त्यांच्या मागोमाग माणसालाही तो सोडत नाही. १९१२ वर कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. दुसरे, लाळ गाळणारी, गिळता न येणारी, विचित्र हंबरणारी गाय दिसली की “घशात कोय अडकली असेल” असे म्हणून तोंडात हात घालण्याची चाल आहे. तो रेबीज असू शकतो. उघड्या हाताने तोंड कधीही तपासू नये. लाळेशी संपर्क झालाच असेल तर हात साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. तिसरे, अचानक मेलेल्या ज्या जनावराच्या नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले असेल, त्याचे कातडे सोलू नये, ते फाडू नये. फाशी रोगाचे जंतू मोकळ्या हवेत आले की कवचबद्ध होऊन त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अशा संशयित सांसर्गिक रोगाची खबर देणे हे २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या कायद्याने मालकाप्रमाणेच ग्रामपंचायतीचेही काम ठरविलेले आहे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली तेव्हा वेळेवर आलेल्या खबरीचे मोल सर्वांनी पाहिले आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, हे त्यातले पहिले कर्तव्य होय. सजीवांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत आले. जाणूनबुजून उपाशी ठेवणाऱ्या, सोडून देणाऱ्या, झोडपणाऱ्या माणसाविरुद्ध या तरतुदी वापरल्याच पाहिजेत. पण वाटेवर अडलेल्या जनावराचा मालक बहुतेक वेळा क्रूर नसतो, गैरहजर असतो. त्याला सर्वांसमक्ष दोष दिला की पुढच्या वेळी तो आजारी जनावर लपवितो. दावे आवळून तडफडणारे जनावर दिसले, तर दावे कोयत्याने कापावे, दुसऱ्या सुरक्षित जागी बांधावे आणि मालकाच्या घरी निरोप द्यावा. गळ्यात सुरगाठ घालू नये, ओढल्यावर आवळणार नाही अशी गाठ मारावी, एवढे शांतपणे सांगावे. ते त्याला पटते.

उसाच्या हंगामाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे मालक शेजारीच चालत असतो आणि तोही बैलाइतकाच थकलेला असतो. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम स्पष्ट आहेत : दिवसात एकूण ९ तासांहून अधिक काम नाही, ५ तासांहून अधिक सलग काम नाही, आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपायचे नाही. फेरीवर मजुरी मिळणाऱ्या गाडीवानाला हे नियम वाचून दाखविण्यात फारसा अर्थ नाही. काट्यावर गाडीला किती ताटकळावे लागते, चढावर जादा बैल मिळतात का, वाटेत पाणी कोठे आहे, हे ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते पाहिले तर नियम आपोआप पाळले जातील. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्यांना हळद-लोणी लावून मळतात, तेच खांदे हंगामात जुवाखाली सोलवटून निघतात. घसरलेल्या बैलाला आधी जुवातून मोकळे करावे, गाडीला धोंडे लावावेत, पायाखाली माती किंवा पोती पसरावीत, आणि मगच उठू द्यावे. रात्रीच्या गाड्यांना मागे रेडियमच्या पट्ट्या नसतील तर पंचायतीने त्या लावून द्याव्यात. खर्च अगदी किरकोळ आहे.

शिक्षकांकडे या कामाचा मोठा भाग येतो, कारण अडलेले जनावर प्रथम दिसते ते शाळेच्या वाटेवरच्या मुलांना. मुलांनी जवळ जायचे नाही, दगड मारायचे नाहीत, मोठ्या माणसाला जागा नीट सांगायची, इतके त्यांच्याकडून अपेक्षावे. जागा नीट सांगणे हा परिसर अभ्यासाचाच धडा आहे.

पुराच्या गावांनी आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गोठ्यांत पाणी शिरले, तेव्हा दाव्याला बांधलेल्या जनावरांना पोहूनही जीव वाचविता येण्याजोगा नव्हता. गाव सोडताना जनावरे नेता येत नसतील तर दावी सोडून द्यायची, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

पंचायतीची तयारी थोडक्या पैशांत होते. दोन जाड दोर, दोन रुंद पट्टे, धारदार कोयता, जाड ताडपत्री, रबरी हातमोजे, विजेरी. पाय मोडलेले जनावर ताडपत्रीवर सरकवून वाहनात चढविता येते, पायांना धरून ओढावे लागत नाही. कोंडवाड्यात सावली आणि पाणी आहे का हे महिन्यातून एकदा कोणी तरी पाहावे. कोंडलेल्या जनावराला चारापाणी देणे ही तेथील रखवालदाराची जबाबदारीच आहे. विहिरीजवळच्या जुन्या हाळांत आता अनेक गावांत पालापाचोळा साठला आहे, कारण नळ घरोघरी आले. उन्हाळ्यात हाळ स्वच्छ करून भरून ठेवला, तर उष्माघाताने कोसळणारी जनावरे कमी होतील. म्हशींना घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी. त्यांना उन्हाचा त्रास सर्वांआधी होतो.

क्रमांकांचा फलक पंचायतीच्या कचेरीत लावण्याची प्रथा आहे, पण कचेरी दुपारी उघडते आणि संध्याकाळी बंद होते. फलक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर रंगवावा. गावातील बहुतेक पशुपालक तेथे दिवसातून दोनदा येतात. पशुवैद्यकीय दवाखाना, १९६२, ११२ आणि १९१२ या क्रमांकांखाली दोर व पट्टे कोणाच्या घरी आहेत ते लिहावे, आणि ते गृहस्थ परगावी गेले की खोलीची किल्ली कोणाकडे असते, तेही.